रागाच्या आधी काय होते?

गेल्या सप्टेंबरातील गोष्ट. दुपारी एकचा सुमार. मी नुकतीच कॉलेजातून घरी आले होते. आमचे घर कसबा पेठेत, तांबट आळीत. वडील दिवसभर तांब्याची भांडी मठारतात. म्हणजे तयार भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी आणि चकाकी आणतात. त्या दिवशी त्यांनी एक तांब्या पुरा करून उंबऱ्याशी ठेवला होता आणि ते जेवायला बसले होते. इतक्यात माझा पाच वर्षांचा भाचा बालवर्गातून आला. दप्तर टाकले, तो तांब्या उचलला आणि समोरच्या भिंतीवर फेकून मारला. तांब्याला चांगला अंगठ्याएवढा पोचा पडला.

वडील ओरडले. आई म्हणाली, "कुणावर गेलंय हे पोरगं, देव जाणे!" माझी बहीण गेल्या वर्षापासून मुलाला घेऊन माहेरी आली आहे, ती काहीच न बोलता खाली बघत राहिली. आणि मी? मी मानसशास्त्र विषय घेतलेली द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी आजीला पाण्याच्या पिंपामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ओली चड्डी सापडली. मग हळूहळू उलगडा झाला. वर्गात त्याची चड्डी ओली झाली होती. तिथल्या बाईंनी दुसरी घालायला दिली, ओली पिशवीत घालून दप्तरात ठेवली. मुले हसली. घरी येताना वाड्यातली मोठी मुलेही वाटभर हसत आली. घरात आला तेव्हा त्याच्या अंगावर दुसऱ्याच कोणाची तरी चड्डी होती. पण आम्हा पाच माणसांपैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नाही. आम्ही सगळे तांब्याचा पोचा बघत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आदल्याच आठवड्यात मी 'भावना' या प्रकरणाच्या टिपणवहीत 'दुय्यम भावना' हे शब्द लाल शाईने अधोरेखित केले होते. परीक्षेत पाच गुणांची टीप यावी म्हणून. तो धडा घरात माझ्यासमोर उभा राहिला आणि मला तो ओळखू आला नाही. म्हणूनच हा लेख. हा विषय लहान मुलांना समजावून सांगता येतो का, आणि येत असेल तर कसा, एवढाच त्याचा आवाका आहे.

'दुय्यम' म्हणजे काय?

पहिली अडचण अशी की मानसशास्त्रात 'दुय्यम भावना' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो, आणि आपण विद्यार्थी दोन्हींची सरमिसळ करतो.

पहिला अर्थ वाढीच्या क्रमाचा. काही भावना बाळात फार लवकर दिसतात: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये जाऊन चेहऱ्यांवरील भाव अभ्यासले आणि ह्या सहा भावना जगभर ओळखल्या जातात असे मांडले. (सगळ्यांनाच हे मत मान्य आहे असे नाही, पण अभ्यासक्रमात ते असते.) लाज, अपराधीपणा, संकोच, अभिमान ह्या भावना मात्र मागाहून येतात. त्यांना एक अट असते. 'मी' नावाचे कोणी आहे आणि दुसरे त्या 'मी'कडे बघत आहेत, हे मुलाला कळावे लागते.

ही अट कशी तपासली, ते फार गमतीचे आहे. बाळाच्या नाकावर त्याच्या नकळत लाल रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशापुढे न्यायचे. लहान बाळ आरशातल्या बाळाकडे बघून हसते, त्याला हात लावते. परंतु साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशाला नव्हे, तर स्वतःच्या नाकाला हात लावू लागते. मायकेल लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, जी मुले आरशात स्वतःला ओळखत होती, त्यांच्यातच संकोचाची लक्षणे अधिक आढळली. भीतीचे तसे नव्हते. ती ओळखणाऱ्या आणि न ओळखणाऱ्या दोन्ही मुलांत होती. पुढे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास 'असे करायचे असते, असे करायचे नसते' हे नियम मुलाच्या मनात बसतात आणि लाज, अपराधीपणा, अभिमान यांना जागा तयार होते.

दुसरा अर्थ मानसोपचारातला. लेस्ली ग्रीनबर्ग आणि जेरेमी सॅफ्रन यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला आहे. एखाद्या प्रसंगाला मनाने दिलेला पहिला प्रतिसाद ती प्राथमिक भावना. आणि त्या भावनेलाच प्रतिसाद म्हणून, बहुधा तिला झाकण्यासाठी, उठणारी ती दुय्यम भावना. दुखावलेला माणूस संतापतो. घाबरलेला माणूस ओरडतो. संताप खराच असतो, नाटक नसते. पण तो दुसऱ्या पायरीवर असतो.

आता माझ्या भाच्याकडे पाहा. पहिल्या हिशेबाने राग ही प्राथमिक भावना आणि लाज ही दुय्यम. दुसऱ्या हिशेबाने त्याची लाज प्राथमिक आणि राग दुय्यम! या एका उदाहरणाने माझा गोंधळ मिटला. परीक्षेसाठी हे दोन अर्थ वेगळे ठेवावेत, असे माझे वर्गबंधूंना आणि भगिनींना सांगणे आहे. या लेखात इथून पुढे 'दुय्यम' हा शब्द दुसऱ्या अर्थाने घेतला आहे.

भरतमुनींची यादी

मराठीच्या तासाला रसविचार शिकताना मला आणखी एक धक्का बसला. भरताच्या नाट्यशास्त्रात एकूण ४९ भाव सांगितले आहेत: ८ स्थायी, ३३ व्यभिचारी आणि ८ सात्त्विक. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय हे आठ स्थायी भाव. यांतले सहा एकमनच्या यादीशी जवळजवळ जुळतात. व्यभिचारी भावांत व्रीडा म्हणजे लाज आहे, असूया आहे, गर्व आहे, दैन्य आहे. मात्र व्यभिचारी भाव म्हणजेच दुय्यम भावना, असे समीकरण मांडणे चुकीचे होईल. भरतापुढे रंगभूमी आणि रस हा प्रश्न होता, मुलाचे मन नव्हे. व्यभिचारी भाव येतात-जातात आणि स्थायी भावाला पोसतात. ते त्याला झाकतातच असे नाही.

तरी त्या तेहेतिसांतील दोन भावांपाशी मी थांबले. एक 'अमर्ष'. विद्या, ऐश्वर्य, शौर्य किंवा बळ यांत आपल्याहून वरचढ असलेल्याकडून अपमान झाला असता जो भाव उठतो, तो अमर्ष. दुसरा 'अवहित्था'. लाज, भय, पराभव अशा कारणांनी मनातला खरा भाव लपवणे, ती अवहित्था. वर्गात हा शब्द उच्चारताना आम्ही सगळे अडखळलो होतो आणि हसलो होतो. पण पिंपामागे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली चड्डी म्हणजे दुसरे काय होते? पाच वर्षांच्या मुलाने केलेली ती अवहित्थाच होती. नटाला ती रंगभूमीवर कशी दाखवावी, याचा विचार आपल्याकडे इतक्या जुन्या काळी झाला. घरातल्या मुलात ती कशी ओळखावी, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या भाषेतले शब्द

मुलांना काही समजवायचे तर आधी शब्द हवेत. 'दुय्यम भावना' हा शब्द पोराला सांगून उपयोग नाही. पण मराठीत शब्दांची वाण मुळीच नाही. आपण मुलांशी बोलताना त्यांतले दोनच वापरतो: 'राग' आणि 'हट्ट'.

'रुसवा' हा शब्द घ्या. रुसवा म्हणजे नुसता राग नव्हे. जो आपला आहे त्याच्यावरच रुसता येते. परक्यावर कोणी रुसत नाही. रुसव्यात राग वर असतो, खाली दुखावलेपण असते, आणि त्याच्याही खाली कोणीतरी समजूत काढायला येईल अशी आशा असते. मुलांची 'गट्टी फू' याच घरातली. 'त्रागा' घ्या. दुसऱ्यापुढे काही चालत नाही म्हणून माणूस स्वतःच्याच जिवाला त्रास करून घेतो, तो त्रागा. वर संताप, आत हतबलता. 'धुसफूस' म्हणजे मोकळेपणी बाहेर न पडणारा राग. 'हिरमुसणे' म्हणजे आशेने फुललेला चेहरा एकदम उतरणे. 'ओशाळणे', 'वरमणे', 'खजील होणे', 'कानकोंडे होणे' या सगळ्या लाजेच्याच छटा, पण प्रत्येकीचा प्रसंग निराळा. चूक लक्षात आली की माणूस वरमतो, आणि चारचौघांत आपली जागा कोठे आहे हे कळेनासे झाले की कानकोंडा होतो.

माझी आजी शाळेत फारशी गेली नाही, पण हे शब्द ती मिठासारखे रोज वापरते. "अगं, चिडला नाहीये तो, ओशाळलाय," असे त्या संध्याकाळी तीच म्हणाली. माझ्या टिपणवहीतले पान तिने एका वाक्यात सांगितले.

भावनेला नाव दिल्याने काय साधते, याविषयी मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा एक अभ्यास आहे. भावनांनी भरलेले चेहरे पाहताना त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितले, तर मेंदूतील ॲमिग्डला या भागाची हालचाल कमी होते असे त्यांना दिसले. तो अभ्यास प्रौढांवरचा आहे, तेव्हा तो मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ज्याला नाव आहे त्याच्याविषयी बोलता येते, आणि ज्याविषयी बोलता येते ते भिंतीवर फेकावे लागत नाही, एवढे तर आपल्यालाही कळते.

दुय्यम भावना मुलाला समजावून सांगण्याचा मराठीतला सर्वांत ओळखीचा प्रसंग साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त आहे. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पोहायला जायला घाबरून श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि फोकाने मारते. तो पोहून येतो, तेव्हा तीच आई त्याच्या वळांना तेल लावते आणि आपल्याला इतका संताप का आला ते सांगते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे, हे तिला सोसणार नव्हते. मारण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही, मीही नाही. पण त्या प्रसंगाची ताकद मारण्यात नाही, नंतरच्या बोलण्यात आहे. आई आपल्या रागाचे झाकण स्वतः उघडून मुलाला आत बघू देते. लहानपणी वाचताना मी वळांपाशी रडले होते; आता तेल लावतानाच्या त्या बोलण्यापाशी थांबते.

मी केलेले प्रयोग

'प्रयोग' हा शब्द मोठा झाला. सुटीच्या दिवशी संध्याकाळी आमच्या वाड्यातली चार ते आठ वर्षांची पाच-सहा मुले माझ्याभोवती जमतात, एवढेच.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी पुठ्ठ्यावर चेहरे काढले, वर 'राग' आणि त्याच्या खाली 'लाज', 'भीती', 'दुःख'. मग भाच्याला विचारले, "त्या दिवशी तुला राग आला होता, आणि त्याच वेळी आत लाजही वाटत होती, हो ना?" तो ठामपणे म्हणाला, "नाही. रागच आला होता." दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर. मला वाटले, हा कबूल करत नाही.

चूक माझी होती, हे पुस्तक उघडल्यावर कळले. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात याच प्रश्नावर काम केले. एकाच वेळी दोन भावना असू शकतात, ही गोष्ट पाच-सहा वर्षांच्या मुलाला बहुधा पटत नाही. सात-आठ वर्षांच्या सुमारास एकाच जातीच्या दोन भावना, जसे राग आणि दुःख, एकत्र असू शकतात असे मुले सांगू लागतात. एकाच वेळी परस्परविरोधी दोन भावना असणे उमजायला दहा-अकरा वर्षे उजाडतात. लहान मुलाला एक मात्र जमते: भावना एकामागून एक ठेवणे. 'आधी हे वाटले, मग ते वाटले.' माझा भाचा खोटे बोलत नव्हता. मीच त्याला वरखाली विचारत होते, आणि त्याला कळत होते आधी-मग.

दुसऱ्या वेळी मी चिऊ-काऊची गोष्ट घेतली. आपल्यातला कोण ती ऐकल्याशिवाय मोठा झाला? काऊचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते. चिऊचे मेणाचे, ते टिकते. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ बाळाच्या अंघोळीपांघोळीची कारणे सांगून दार उघडत नाही. मी विचारले, "काऊला काय वाटलं?" सगळे एकदम, "राग!" मी म्हटले, "बरोबर. पण रागाच्या आधी?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, "थंडी वाजली." दुसरा म्हणाला, "भीती वाटली, अंधार होता ना." आणि माझा भाचा, कोणाकडेही न बघता, म्हणाला, "चिऊ आतून हसत असेल, असं वाटलं."

मी त्याला पुढे काही विचारले नाही. कावळ्याच्या तोंडून त्याने आपले सांगितले होते. तेवढे पुरेसे होते.

तिसरे साधन घरातच होते. वडिलांकडे कधीमधी जुने तांब्याचे बंब दुरुस्तीला येतात. ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मधोमध एक नळी असते, तिच्यात बंबफोड पेटवतात, भोवती पाणी असते, वरच्या तोंडातून धूर निघतो. डागडुजी झाली की वडील एकदा बंब पेटवून बघतात. तेव्हा मी भाच्याला म्हटले, "धूर दिसतोय ना? तो खरा आहे की खोटा?" "खरा." "मग आधी काय पेटलं?" तो वाकून खालच्या जाळीतून बघू लागला. "लाकूड. आणि कागद. आणि करवंटी." म्हटले, "राग म्हणजे धूर. तो खोटा नसतो, डोळ्यांत जातो, खोकला येतो. पण आधी आत काहीतरी पेटलेलं असतं. ते बघायचं." त्याला हे एकदम आवडले. त्यानंतर आठ दिवस तो घरातल्या प्रत्येकाला विचारत फिरत होता, "तुझ्या बंबात काय आहे?"

मोठ्यांनी आधी सांगावे

या सगळ्यातून मला जे एक कळले ते असे, की मुलाला त्याच्या रागाच्या आत काय आहे हे विचारत बसण्यापेक्षा, मोठ्यांनी आपल्या रागाच्या आधी काय होते ते सांगावे. मूल त्यातून शिकते.

उदाहरण आजीचेच. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठा फुगते आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. आळीतली मुले नव्या पुलावर पाणी बघायला धावतात. गेल्या पावसाळ्यात भाचाही त्यांच्यामागे गेला. आजीला कळले तेव्हा तिने जो आकांत केला, शिव्या दिल्या, आल्यावर त्याचा कान धरला, त्याने तो पार बिथरला. "पणजी वाईट आहे," म्हणाला. मग भाचा जवळ येईना, आणि आजीही जेवेना.

रात्री आजीने त्याला जवळ घेतले आणि १२ जुलै १९६१ची हकीकत सांगितली. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. कसब्याचा सखल भाग बुडाला. आजी तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन उंचावर नेले. मागे वळून पाहिले तर घराच्या जागी पाणी होते. "तेव्हापासून नदीला पाणी आलं की माझ्या पोटात गोळा येतो रे. तू दिसला नाहीस तेव्हा आधी तो गोळा आला. मग ओरडले," असे ती म्हणाली. 'आधी' आणि 'मग'! तिने हार्टरबाईंचे नावही ऐकलेले नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "काऊच्या घरासारखं वाहून गेलं?" "तस्सं," आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो नदीवर गेला नाही. आणि मला वाटते, कानाच्या भीतीने नव्हे.

काही सावधगिरीच्या गोष्टी

पहिली: प्रत्येक राग दुय्यम नसतो. कोणी मुलाचे खेळणे हिसकावले, त्याच्यावर अन्याय झाला, तर त्याचा राग पहिल्याच पायरीवरचा आणि रास्त असतो. तिथे "आत काय वाटतंय बाळा?" असे विचारत बसणे म्हणजे त्याचा हक्क नाकारणे होय. अगोदर खेळणे परत मिळवून द्यावे.

दुसरी: भावना समजून घेणे म्हणजे वागणे माफ करणे नव्हे. तांब्या फेकणे चूकच होते. चार दिवसांनी वडिलांनी भाच्याला जवळ बसवले, भांड्याला आतून लोखंडी टेकू दिला आणि पोचा काढताना त्याच्या हातात हलकी हातोडी देऊन दोन ठोके मारायला लावले. पोचा निघाला. त्या जागी ठोक्यांची नक्षी जराशी वेगळी दिसते, पण तांब्या विकला गेला.

तिसरी: पेटलेल्या वेळी शिकवू नये. मूल संतापाने थरथरत असताना त्याला शब्द ऐकू येत नाहीत. तेव्हा जवळ बसावे, पाणी द्यावे. गोष्ट, खेळ, भातुकली हे सगळे नंतर, तो शांत झाल्यावर.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: हे ज्ञान दुसऱ्याचे झाकण ओढून काढण्यासाठी नाही. "तू चिडला नाहीस, तू घाबरलायस," असे तोंडावर फेकले की ते नवा घाव घालते. आपण विचारावे, अंदाज हळूच पुढे ठेवावा, आणि समोरच्याने नको म्हटले तर मागे घ्यावा.

ही चौथी गोष्ट मला पुस्तकाने शिकवली नाही. ती सांगून हा लेख संपवते.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्यासाठीचा अर्ज घेऊन वडील सकाळीच एका कार्यालयात गेले आणि दुपारी हात हलवत परत आले. मी विचारले, "मिळाला का दाखला?" त्यावर ते एकदम भडकले. "शिकून काय दिवे लावणार आहात? बंद करा ते कॉलेज!" आई मध्ये पडली तर तिच्यावरही ओरडले. माझे डोळे भरून आले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ते बंद करा म्हणणारेही पहिले वडीलच, असे वाटून मी आतल्या खोलीत जाऊन बसले. भाचा माझ्यामागे आला आणि कानात म्हणाला, "मावशी, आजोबांच्या बंबात काय आहे?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. रात्री वडिलांचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात चौघडी केलेला तो अर्ज सापडला. कोरा होता. पहिल्या ओळीत फक्त त्यांचे नाव, अर्धेच, आणि त्यावर काट मारलेली. वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. खिडकीपलीकडे कोणी काय म्हटले, मागे रांगेत कोण हसले, ते मला आजही माहीत नाही आणि मी विचारलेही नाही. विद्येने वरचढ असलेल्याकडून झालेल्या अपमानातून उठतो तो अमर्ष, ही व्याख्या मी पाठ केली होती. त्या कागदाची घडी उलगडताना मला ती पहिल्यांदा समजली.

मी वडिलांना काही समजावून सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाला बसण्यापूर्वी नवा कोरा अर्ज आणला, त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, "आप्पा, हा अर्ज मला एकटीला भरायची भीती वाटते. चुकला तर शिष्यवृत्ती जाईल. तुम्ही सांगा, मी लिहिते." ते काही बोलले नाहीत. हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि एकेक गोष्ट सांगू लागले. शेवटी त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

भीती वाटते असे मी म्हणाले, ते खोटे नव्हते. आदल्या दिवशी मला वडिलांचा जो राग आला होता, त्याच्या आधी तीच होती.